गंजरोध : शेती अवजारे व वर्कशॉप

लोखंड व पोलाद यांना हवा आणि ओलावा लागू न देता, किंवा जस्तासारख्या दुसऱ्या धातूच्या आधाराने, गंजण्यापासून राखण्याचे उपाय. गंज म्हणजे पाण्याचा अंश असलेले फेरिक ऑक्साइड. ते मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापते, सच्छिद्र असते आणि पापुद्र्यांनी सुटते. त्यामुळे खालचा धातू उघडाच राहतो.

नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर तालुका केळीसाठी प्रसिद्ध असून ऊस व हळदही येथे पिकते. अशा बागायती भागात पावसाइतकेच नुकसान चीक आणि खत करतात. केळीच्या बुंध्यावर चालवलेला कोयता काळा पडतो, कारण चिकातील टॅनिनचे लोहाशी मिळून काळे टॅनेट बनते. गंजावर लावायच्या काही तयार द्रावणांत हीच क्रिया उपयोगात आणतात. पात्यावरची काळी झाक मात्र संरक्षण समजू नये. चिकातले पाणी व क्षार तिच्याबरोबर तिथेच राहतात. केळीला पालाश भरपूर लागते आणि ते बहुधा म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, या रूपात दिले जाते. क्लोराइडमुळे गंज झपाट्याने वाढतो. युरिया हवेतला ओलावा ओढून घेतो. खताची पोती आणि अवजारे एकाच खोलीत ठेवण्याची सवय त्यामुळे महागात पडते. बॅटरी चार्जिंग आणि ॲसिडची बाटली यांची वाफही तशीच.

काम संपल्यावर पाते धुऊन, पुसून, पूर्ण कोरडे करून तेल लावणे हा पहिला उपाय. मराठवाड्यातल्या जवस व करडईच्या तेलांचा हवेत सुकून पातळ थर बनतो. जवसाचा लवकर, करडईचा सावकाश. शेंगदाण्याचे तेल सुकत नाही, चिकट होऊन धूळ धरते. फुकट मिळणारे जळके ऑइल नांगराच्या फाळाला अनेक जण लावतात, पण त्यात ज्वलनातून आलेली आम्ले असतात आणि ते त्वचेलाही अपायकारक आहे. भाजी-फळे कापायच्या विळ्याला ते लावूच नये.

वर्कशॉपमध्ये लेथचा बेड किंवा ड्रिल मशीनचे टेबल रंगवता येत नाही. तिथे मशीन ऑइल किंवा मेण लावतात. घामाच्या बोटांचे ठसेही अशा पृष्ठभागावर गंजाला निमित्त होतात. स्टँड, रॅक, ट्रॉली यांना रेड ऑक्साइड व वर रंग पुरतो. सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेला मुलामा अधिक टिकाऊ असतो, कारण ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजते. मात्र वेल्डिंगच्या जागी तो जळून जातो. तेथे जस्तयुक्त प्रायमर लावावा.

जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग ठेवू नये. तेल सुकताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने तो आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात.