चाड्यावरची मूठ आणि सुताराचा वाकस

पेरणीला तिफणीच्या चाड्यावर मूठ धरलेल्या कितीतरी जणी आज ऐकत असतील. त्या चाड्याची आणि ते कोरणाऱ्या हत्यारांची गोष्ट आज सांगणार आहोत.

बारा बलुतेदारांत सुताराला मान होता, कारण शेतीच त्याच्यावाचून अडायची. नांगर, कुळव, तिफण, बैलगाडी त्यानं घडवायची, वर्षभर दुरुस्त करायची आणि सुगीला खळ्यावरून धान्याचं बलुतं न्यायचं. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ पुस्तकात ही सगळी रीत लिहून ठेवली आहे. सुताराच्या वाकसाचं पातं लोहार घडवी, लोहाराच्या घणाला दांडा सुतार बसवी.

तिफण म्हणजे तीन फण. प्रत्येक फणामागे पोकळ नळी, आणि तिन्ही नळ्या वर एका लाकडी वाटीला जोडलेल्या. ती वाटी म्हणजे चाडं. त्याची भोकं गिरमिटानं सारखी पडली नाहीत, तर एका तासात बी दाट, दुसऱ्यात विरळ. पण भोकं कितीही नेमकी असोत, बी सोडणारी मूठ बहुतेक घरी बाईची. बैलांच्या चालीनं चालायचं आणि बोटांतून तिन्ही भोकांत सारखं बी पाडायचं. वर्षाचं पीक त्या मुठीत असायचं! सुताराचं बलुतं ठरलेलं होतं. मूठ धरणारी मात्र बारांच्या यादीत कुठंच नाही. ‘घरचंच काम’ म्हणून ते खपून गेलं. आम्हाला हे खटकतं.

पुढे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढले, १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडानं जमीन नासेल म्हणून आधी शेतकरी ते घेईनात. मग ट्रॅक्टर आले, पेरणीयंत्र आलं. सुताराची हत्यारं माळ्यावर गेली. आता भंगारवाला ती किलोवर नेतो.

खंडेनवमीला हत्यारं घासायची आपण, हळदकुंकू वाहायचं आपण, चालवायची दुसऱ्यांनी. यंदा आमच्या गटानं माळ्यावरची हत्यारं उतरवली आणि चालवूनच बघितली. गंज विटेच्या भुकटीनं निघतो, काथ्यानं घासायचं. पटाशीची सपाट पाठ आधी ओल्या दगडावर घासायची, मग उतार, एकाच कोनात, घाई न करता. पाठीच्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागली की धार आली समजायचं. मग पाठ दगडावर सपाट फिरवून ती खरखर काढायची. दांडा सैल असला तर काही जणी पाण्यात भिजवतात. वाळला की तो पुन्हा हलतो, त्यापेक्षा पाचर ठोकावी.

रंध्याला मात्र आमचे चार दिवस गेले. पातं जरा जास्त बाहेर आलं की लाकूड फाटतं, कमी राहिलं की नुसतं घसरतं. पण जमलं तेव्हा सागाचा कागदासारखा पापुद्रा गुंडाळत वर आला, वास सुटला, आणि चहा गार झाला तरी कुणी उठेना. आता खुरप्यांच्या मुठी आम्हीच बसवतो.

एक जुनं चाडंही हाती लागलं. आतून त्याचा काठ बोटांनी झिजून गुळगुळीत झाला आहे. त्याला आम्ही तेलाचा हात दिला. पटाशी लावली नाही.