कॅल्कोजेन बंध

आवर्त सारणीच्या सोळाव्या गटातील गंधक, सेलेनियम व टेल्युरियम यांच्या अणूवरील इलेक्ट्रॉन-न्यून भाग आणि शेजारचा इलेक्ट्रॉनसमृद्ध अणू यांच्यातील दिशाबद्ध आकर्षणास कॅल्कोजेन बंध म्हणतात. तो सहसंयुज बंधाहून सामान्यतः बराच दुर्बल असतो. आयुपॅक या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याची व्याख्या २०१९ मध्ये निश्चित केली. निरीक्षणे मात्र त्याहून कितीतरी जुनी आहेत.

स्वरूप

द्विसंयुजी गंधकाच्या अणूला दोन सहसंयुज बंध आणि दोन एकाकी इलेक्ट्रॉन जोड्या असतात. प्रत्येक बंधाची रेषा अणूच्या पलीकडे वाढविली असता तेथे इलेक्ट्रॉनांची घनता विरळ आढळते. या जागेस सिग्मा-छिद्र असे नाव आहे; प्रत्यक्षात ते छिद्र नव्हे. गंधकाकडून सेलेनियम व टेल्युरियमकडे जावे तसे ते अधिक प्रभावी होते. अणूला क्लोरीनसारखा इलेक्ट्रॉन ओढणारा हॅलोजन जोडलेला असेल, तर त्याच्या विरुद्ध बाजूचे छिद्र आणखी प्रबळ होते.

हॅलोजनांशी संबंध

स्फटिकात गंधक आणि आयोडीन नेहमीपेक्षा जवळ आले, एवढ्यावरून त्यांच्यातील बंध कोणता हे ठरत नाही. या दोन अणूंच्या व्हॅन डर वाल्स त्रिज्यांची बेरीज ३.७८ अँगस्ट्रॉम आहे. १,४-डायथायेन व आयोडीन यांच्या स्फटिकात हे अंतर सुमारे २.८७ अँगस्ट्रॉमच भरते. तरीही तो कॅल्कोजेन बंध नाही. तेथे गंधक आपली इलेक्ट्रॉन जोडी देतो व आयोडीन ती घेतो, म्हणून तो हॅलोजन बंध होय. याउलट क्लोराइड वा ब्रोमाइड आयन गंधकाच्या बंधरेषेच्या विस्तारावर येऊन बसला, तर घेणारा गंधक असतो आणि बंध कॅल्कोजेनाचा ठरतो. निर्णय अंतराने नव्हे, दिशेने होतो. रोझेनफील्ड, पार्थसारथी व डुनिट्झ यांनी १९७७ मध्ये अनेक स्फटिकरचना तपासून दोन्ही प्रकारच्या शेजाऱ्यांच्या या वेगवेगळ्या वाटा दाखवून दिल्या. पार्थसारथी यांच्यासह टी. एन. गुरू रो यांनी १९८१ मध्ये स्फटिकातील गंधकाचा अणू पूर्ण गोल नसतो असे मांडले. गुरू रो पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कार्यरत होते.

पवई येथील संशोधन

सेलेनियम व आयोडीन यांचा सरळ बंध असलेली साधी सेंद्रिय संयुगे टिकत नाहीत. डायफिनाइल डायसेलेनाइडमध्ये आयोडीन मिसळले असता स्फटिकरूपात अपेक्षित आयोडाइड न मिळता दोन्ही घटकांचे प्रभार-स्थानांतरण संकुल मिळते. मुंबईतील पवईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत हरकेश सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी सेलेनियमशेजारी त्याच रेणूतील नायट्रोजन येईल अशी रचना केली. नायट्रोजन, सेलेनियम व हॅलोजन जवळजवळ एका रेषेत येतात आणि नायट्रोजनच्या आधारामुळे असे आयोडाइडही टिकते.

याच गटात पीएच.डी. केलेले जी. मुगेश यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत हा विषय थायरॉईड ग्रंथीपर्यंत नेला. थायरॉक्सिन या संप्रेरकातील आयोडीन काढणाऱ्या विकरांत सेलेनियम असते. या विकरांची नक्कल करणाऱ्या, नॅफ्थॅलीनवर शेजारी-शेजारी दोन सेलेनियम अणू बसविलेल्या रेणूंचा त्यांनी अभ्यास केला. एक सेलेनियम आयोडीनशी हॅलोजन बंध करतो, दुसरा पहिल्याशी कॅल्कोजेन बंध करून त्यास साहाय्य करतो, आणि कार्बन-आयोडीन बंध सैल होतो, असे स्पष्टीकरण २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. सेलेनियमच्या जागी गंधक घातल्यास क्रियाशीलता पुष्कळ घटते.