क्रँकशाफ्टच्या टोकातला बुश
क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकात गिअरबॉक्सच्या शाफ्टचं नाक टेकवणारा ब्राँझचा छोटा पायलट बुश केवळ स्वस्त म्हणून टिकला, असं मानणं त्याच्यावर अन्याय आहे. 1930च्या दशकात अमेरिकेत क्रायसलरने 'ऑइलाइट' रूढ केलं: तांब्या-कथलाची भुकटी दाबून, भाजून केलेला सच्छिद्र धातू, ज्याच्या आकारमानाचा जवळपास पाचवा हिस्सा तेलच. क्लच दाबलेला नसताना दोन्ही शाफ्ट एकाच गतीने फिरतात. म्हणजे बुशला घासणं सोसावं लागतं ते थोडाच वेळ, आणि तेवढ्याला पोटातलं तेल पुरतं. मुंबईत जोडल्या गेलेल्या विलीज जीपमध्येही असाच बुश होता.

बुशऐवजी बसवल्या जाणाऱ्या नीडल बेअरिंगमध्ये घर्षण कमी, हा आक्षेप खरा आहे. पण ग्रीस आटलं की त्यातल्या कडक सुया शाफ्टचं नाकच खातात. बुश स्वतः झिजतो आणि महागडा शाफ्ट वाचवतो. जुना बुश काढण्याची रीतही किती देखणी! भोकात ग्रीस ठासायचं, नेमका बसणारा दांडा घालून हातोडीने ठोकायचं. दाबलेलं ग्रीस बुशमागे शिरून त्यालाच बाहेर ढकलतं. नवा बुश मात्र तेलात मुरवून सरळ बसवावा आणि त्याला ग्रीस लावू नये. छिद्रं बुजली की तो कोरडा पडतो.