भुकेची रेघ कुठे मारायची?

आजचा भाग संख्याशास्त्राचा आहे. पण लगेच पुढे ढकलू नका, कारण विषय भुकेचा आहे.

मी राहुरीचा. आमच्याकडे १९६८ सालचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. शेतीचे प्रयोग आणि त्यांचे आकडे म्हटले की 'पानसे-सुखात्मे' हे जोडनाव आलंच. भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ साली काढलेलं हे पुस्तक. त्यातले सुखात्मे म्हणजे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संख्याशास्त्र शिकले, आणि १९५१ पासून जवळपास वीस वर्षं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख होते. जगात किती लोक उपाशी आहेत, हा हिशोब त्यांच्या टेबलावर असायचा.

आता १९७१ साल. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या गरिबीवर गाजलेला अभ्यास मांडला. माणशी रोज २,२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च ज्याला परवडत नाही, तो गरीब. रेघ सरळ, समजायला सोपी.

सुखात्म्यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं असं: कॅलरीची गरज ही सरासरी आहे. सगळ्यांची गरज सारखी नसते, आणि एकाच माणसाची रोजची गरजही हलत असते. गरजेचा आलेख घंटेसारखा असेल, मधे फुगीर आणि दोन्हीकडे निमुळता, तर निम्म्या निरोगी माणसांची गरज सरासरीपेक्षा कमीच असणार. मग सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येक जण उपाशी कसा? म्हणून रेघ खाली घ्या: सरासरीतून दोन प्रमाण विचलनं वजा करा.

यालाच पॅरामेट्रिक पद्धत म्हणतात. आलेखाचा आकार आधी गृहीत धरायचा. मग सरासरी आणि प्रमाण विचलन हे दोनच आकडे सगळं चित्र सांगतात. घंटेच्या आकारात दोन विचलनांच्या खाली साधारण २.५ टक्केच निरोगी माणसं उरतात. म्हणजे त्या रेघेखालचा माणूस बहुतेक खरोखरच उपाशी. पण रेघ खाली आली की उपाशी माणसांचा एकूण आकडाही धाडकन खाली येतो.

आणि मग वाद पेटला. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त सुखात्मे आणि दांडेकर समोरासमोर उभे राहिले. दोघं सातारा जिल्ह्यातले, दोघं पुण्यात, दोघंही संख्याशास्त्राचे पक्के. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगतो. रेघ वर ठेवली तर खोटे अलर्ट जास्त: धडधाकट माणूसही उपाशी ठरतो. खाली ठेवली तर खरे अलर्ट सुटतात: ज्याची गरजच जास्त आहे, उदाहरणार्थ उसाच्या फडात दिवसभर कोयता चालवणारा, तो रेघेच्या वर असूनही अर्धपोटी असू शकतो. टीकाकारांचा आणखी एक मुद्दा होता. कमी खाऊन शरीर जुळवून घेतं म्हणता, पण त्या जुळवून घेण्यात वाढ खुंटते, कामाची ताकद जाते, त्याची किंमत कोण मोजणार?

बरं, आलेख घंटेसारखा नसेलच तर? समजा पाच पेशंट दवाखान्यात २, ३, ३, ४ आणि ३८ दिवस राहिले. सरासरी १० दिवस. पण दहा दिवसांच्या आसपास एकही पेशंट नाही. मधला आकडा ३, तो खरं सांगतो. अशा वेळी नॉन-पॅरामेट्रिक पद्धती लागतात: आकार गृहीत धरायचा नाही, आकडे लहान-मोठे लावायचे आणि क्रमांकांवर हिशोब करायचा. १९४५ साली फ्रँक विल्कॉक्सन या रसायनशास्त्रज्ञाने अशा चाचण्या मांडल्या, आज वैद्यकीय संशोधनात त्या सर्रास वापरतात. गंमत बघा, १९५७ साली दोन गटांतला विखुरलेपणा तपासायची अशीच एक चाचणी दिली बा. वा. सुखात्मे यांनी. आडनाव तेच, आणि नमुना पाहणीवरच्या पुस्तकात पांडुरंगरावांचे सहलेखकही. एका आडनावात दोन्ही घराणी!

नॉन-पॅरामेट्रिक पद्धत फुकट मिळत नाही. आकडे खरोखर घंटेसारखे असतील तर ती थोडी माहिती वाया घालवते, आणि टोकाची रेघ नीट मारायला माणसं जास्त लागतात. रक्ततपासणीची 'नॉर्मल रेंज' या पद्धतीने ठरवायची तर किमान १२० निरोगी माणसांचे नमुने घ्यावेत, असा संकेत आहे.

तुमच्या मोबाईलवर येणाऱ्या लॅब रिपोर्टमध्ये हीच रेंज असते. बहुतेक वेळा ती निरोगी माणसांपैकी मधले ९५ टक्के धरून काढतात. म्हणजे शंभरातले पाच निरोगी असूनही बाहेर! म्हणून लाल बाण दिसला की घाबरायचं नाही, डॉक्टरांना विचारायचं. आणि पुढच्या वेळी 'देशात इतके टक्के कुपोषित' अशी बातमी आली, की टक्क्यांच्या आधी एक प्रश्न विचारा: रेघ कुठे मारली, आणि चुकली तर भुर्दंड कोणाला? पहिल्या प्रश्नाला संख्याशास्त्र मदत करतं. दुसऱ्याचं उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं.

भेटू पुढच्या भागात!