दुपारचा एक

पानिपतावर कोण कुठे पडलं हे मला झोपेतून उठवून विचारा, मी सांगेन. हिशेबखात्यात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला इतिहासाचा नाद असू नये असा काही नियम नाही, आणि असला तरी तो मी पाळला नाही. पण आज जो इतिहास सांगणार आहे तो मला आमच्या हिच्याकडून शिकावा लागला. तोही परक्या मुलखात, दुपारच्या जेवणानंतर, वामकुक्षीचा बळी देऊन.

१९९८ च्या डिसेंबरात लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं न्यू जर्सीतल्या एडिसनला गेलो. दोन महिन्यांनी लेक कामावर रुजू झाली आणि दुपारी घरात उरलो आम्ही दोघं, एक झोपलेलं बाळ आणि खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ. मी ग्रँट डफ घेऊन बसे. ही काय करणार? दाराशी भाजीवाली नाही, खाली हाक मारायला वाडा नाही. हिनं टीव्ही लावला. एक वाजता ‘ऑल माय चिल्ड्रेन’ नावाची मालिका लागे. हिचं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. पण सून सासूशी कुठल्या सुरात बोलते हे कळायला मॅट्रिकसुद्धा लागत नाही.

चार दिवसांनी दार वाजलं. शेजारच्या घरातल्या एकट्या राहणाऱ्या बाई. त्यांचा टीव्ही बिघडला होता, एक वाजायला पाच मिनिटं होती, आणि चेहरा असा की घरात कुणीतरी अत्यवस्थ आहे. हिनं त्यांना आत घेतलं. टीव्ही पुढच्या आठवड्यात दुरुस्त झाला, पण बाई रोज येतच राहिल्या. ही त्यांना ‘आजी’ म्हणे. ते नावच आहे असं समजून त्यांनी ते आनंदानं पत्करलं आणि आम्हाला पाठवलेल्या भेटकार्डांवर तशी सहीसुद्धा केली.

मी एकदा तुच्छतेनं म्हणालो, “काय त्या थापा बघता!” ही शांतपणे म्हणाली, “अहो, तुम्हाला पेशव्यांची वंशावळ पाठ आहे ना? मग ह्या एरिका केनचे नवरे क्रमानं सांगा बरं.” मला येईनात. दोन्ही हातांची बोटं लागतात, आणि एखाद्या लग्नाबद्दल बखरकारांत मतभेद असतातच. त्या दिवसापासून मी ग्रँट डफ मिटला.

तर इतिहास असा. हे प्रकरण साबणापासून सुरू होतं. अमेरिकेत मंदी पडली, नोकऱ्या गेल्या, पण कपडे मळायचे थांबले नाहीत. १९३० साली शिकागोच्या डब्ल्यूजीएन रेडिओवर अर्ना फिलिप्स नावाच्या, मास्तरकी सोडून आलेल्या बाईंनी ‘पेंटेड ड्रीम्स’ ही रोज पंधरा मिनिटांची कथा सुरू केली. १९३३ साली प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीनं आपल्या ऑक्सिडॉल साबणचुऱ्यासाठी ‘मा पर्किन्स’ आणली. बाई धुणं धुताना ऐकणार, आणि रडता रडता तिला आठवणार की चुरा संपत आलाय. म्हणून नाव सोप ऑपेरा. आपल्याकडच्या कीर्तनकारांनी पूर्वरंगानंतर हिंगाष्टक चूर्ण विकलं असतं तर आपणही एव्हाना पुढारलेले असतो.

फिलिप्सबाईंचीच ‘द गायडिंग लाइट’ जानेवारी १९३७ मध्ये रेडिओवर आली. म्हणजे आपल्याकडे प्रांतिक कायदेमंडळांच्या निवडणुका चालल्या होत्या तेव्हा. १९५२ मध्ये ती टीव्हीवर गेली आणि संपली सप्टेंबर २००९ मध्ये. बहात्तर वर्षं! एवढं पेशवाईतसुद्धा कुणी एकट्यानं टिकलं नाही.

त्यांची दुसरी मालिका ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी दुपारी ती चालू असताना मध्येच पडद्यावर पाटी आली आणि वॉल्टर क्रॉंकाइट यांचा आवाज आला, की डॅलसमध्ये अध्यक्ष केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या आहेत. मालिका त्या काळी थेट प्रक्षेपित होई. आतली माणसं बिचारी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला कुणाला बोलवायचं ते बोलतच राहिली; बाहेर काय झालंय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आजींनी हे आम्हाला सांगितलं तेव्हा त्यांचा चहा निवून गेला होता. त्या दिवशी त्या इस्त्री करत होत्या. यजमानांच्या सदऱ्याला डाग पडला तो कधीच गेला नाही.

फिलिप्सबाईंच्या हाताखाली तयार झाल्या ॲग्नेस निक्सन. त्यांनी १९६८ मध्ये ‘वन लाइफ टू लिव्ह’ आणि १९७० मध्ये ‘ऑल माय चिल्ड्रेन’ सुरू केली, आणि साबणाच्या फेसात खडे टाकायला सुरुवात केली. गोरी म्हणून वावरणारी कृष्णवर्णीय तरुणी, व्हिएतनाममध्ये मुलगा गेलेली आई, १९७३ मध्ये तर एरिकाचा कायदेशीर गर्भपात. ज्या गोष्टी रात्रीच्या प्रतिष्ठित कार्यक्रमांत चाचरत बोलल्या जात, त्या इथं भरदुपारी, भांड्यांच्या साक्षीनं. मी थापा म्हणालो होतो ते शब्द मागं घेतले. मनातल्या मनात, उघड घेण्याची आमच्यात पद्धत नाही.

थापा नव्हत्या असं मात्र कुणी समजू नये. जेसी नावाचा सज्जन पोलिस १९८८ मध्ये वारला आणि २००८ मध्ये परत आला. आपल्याकडे तोतया सदाशिवरावभाऊ प्रकटले तेव्हा केवढं राज्य हादरलं! इथं बायकोनं ओळखलं, प्रेक्षकांनी डोळे पुसले, मिटलं. मुलं जिन्यावरून वर जात ती सहा वर्षांची आणि उतरत ती लग्नाची. त्यातला बॉबी मार्टिन मला फार जवळचा वाटे. हा पोरगा सत्तरच्या दशकात बर्फावरच्या स्की पुसायला म्हणून माळ्यावर गेला तो परत आलाच नाही. लेखक त्याला विसरले, घरचेही विसरले. पुढं कितीतरी वर्षांनी त्यांनी माळ्यावर एक सांगाडा दाखवून स्वतःचीच थट्टा केली.

एरिकाचं काम करणाऱ्या सुझन लूची यांचं एमीसाठी अठरा वेळा नाव आलं आणि अठराही वेळा बक्षीस दुसरीला गेलं. मे १९९९ मध्ये, आमच्या बॅगा भरायच्या दिवसांत, एकोणिसाव्या वेळी मिळालं. त्या रात्री हिनं शिरा केला. आजी दोनदा वाढून घेऊन रडल्या. मला वाटलं आम्ही चाललो म्हणून; निम्मं तेही असावं.

पुढं बायका नोकरीला लागल्या, दुपारची घरं रिकामी पडली, आणि एप्रिल २०११ मध्ये एबीसीनं दोन्ही मालिका बंद करत असल्याचं जाहीर केलं. हूव्हर या झाडूयंत्रवाल्या कंपनीनं निषेध म्हणून त्या वाहिनीवरच्या आपल्या जाहिराती काढून घेतल्या. इतिहासात तत्त्वासाठी झाडूनं उठाव केल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. उपयोग झाला नाही. सप्टेंबरात ‘ऑल माय चिल्ड्रेन’चा शेवटचा भाग झाला. भर मेजवानीत बंदुकीचा बार झाला आणि पडदा काळा. गोळी कुणाला लागली? सांगायला कुणी नाही! त्याच वेळेला दुसऱ्या सोमवारपासून स्वयंपाकाचा कार्यक्रम. आजींचा त्या रात्री पुण्याला फोन आला. तेव्हा त्या मुलाकडे फ्लोरिडाला राहायला गेल्या होत्या. ही अर्धा तास बोलली आणि जेवली नाही.

दीड वर्ष गोळी हवेतच होती. मग प्रॉस्पेक्ट पार्क नावाच्या कंपनीनं दोन्ही मालिका कनेटिकटमधल्या स्टॅमफर्डला नव्यानं उभ्या केल्या आणि २९ एप्रिल २०१३ पासून त्या इंटरनेटवर, हुलू आणि आयट्यून्सवर सुरू झाल्या. तासाचे भाग अर्ध्या तासाचे झाले होते. एरिका आली नाही, पण जेसी आणि त्याची बायको आले. कथेत पाच वर्षं उलटली होती, आणि गोळी मरिसाला लागली होती. योगायोगानं आम्ही तेव्हा पुन्हा एडिसनला होतो. मागच्या खेपेचं बाळ आता चौदा वर्षांचं झालं होतं, त्यानं आजीला लॅपटॉप लावून दिला आणि ऐटीत सांगितलं, “आता वाजेल तेव्हा बघ. रात्री बघ, पहाटे बघ. सगळे एकदम बघ.”

हिचा चेहरा पडला. एवढं स्वातंत्र्य घेऊन करायचं काय? कधीही बघता येतं म्हणजे एक वाजता काही होत नाही. अमेरिकेलाही हे जड गेलं असावं. प्रत्येक मालिकेचे आठवड्याला चार भाग येत होते, पण प्रेक्षक साठवून ठेवत आणि मागं पडत. महिन्याच्या आतच कंपनीनं चाराचे दोन केले.

मग हिनं फ्लोरिडाला फोन लावला. दोन्ही मालिका मिळून आठवड्याला चार भाग, म्हणजे चार दुपारी. बरोबर एक वाजता फोन कानाला लावून दोघी म्हणत, “वन, टू, थ्री!” आणि आपापल्या यंत्रावर बटण दाबत. तिकडचं यंत्र दोन-तीन सेकंद मागं असे. दार एकदा एडिसनात आपटे आणि मग फोनमधून फ्लोरिडात. कुणी रडलं की दोनदा रडे. अर्धा तास दोघी फारसं बोलत नसत. मी मध्ये एकदा म्हणालो, “दोन भाग शिल्लक आहेत, एकदम बघून टाका ना.” ही म्हणाली, “आणि उद्या? उद्या त्या कुणाशी बोलणार?” आजींना ऐंशी उलटून गेली होती. मुलगा-सून दिवसभर कामावर असत. आमची कन्या नि जावईसुद्धा.

ऑगस्टात ‘वन लाइफ’चे भाग थांबले. दोन सप्टेंबरला ‘ऑल माय चिल्ड्रेन’चं पर्व संपलं, पुन्हा गोष्ट अर्ध्यावर ठेवून. दुसरं पर्व येणार म्हणाले. ते आलं नाही. कंपनी आणि वाहिनी यांचं कोर्टात आधीच जुंपलं होतं.

त्या दुपारी भाग संपला, इकडं संपला आणि तीन सेकंदांनी तिकडं. फोन कुणी ठेवीना. मी चहा घेऊन दारात उभा. बऱ्याच वेळानं ही आपल्या मॅट्रिकच्या इंग्रजीत फोनमध्ये म्हणाली, “आजी, बॉबी अजून माळ्यावरच आहे.” पलीकडून हसण्याचा आवाज आला, तो मलाही दारातून ऐकू येत होता, आणि थांबेचना. मग ही माझ्याकडे न बघता म्हणाली, “अहो, तो चहा ठेवा तिथं आणि जरा हळू. उद्या एक वाजता काय लावायचं ते आम्ही ठरवतोय.”