गिरगावचे मॅजेस्टिक

गिरगावातील संत तेरेजाचे चर्च साऱ्या मुंबईला 'पोर्तुगीज चर्च' म्हणून परिचित आहे. तेथून जवळच, जगन्नाथ शंकरशेट मार्गावर, 'मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर' आहे. तेथे खरेदीला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की, हे नाव मुळात एका चित्रगृहाचे. ती वास्तू आज उरलेली नाही. परंतु भारताचा पहिला बोलपट झळकला तो तेथेच.

गिरगावचे चित्रपटाशी नाते त्याहूनही जुने आहे. १९१०च्या सुमारास येथील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये दादासाहेब फाळके यांनी प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला. ख्रिस्तचरित्र पडद्यावर येते, तर राम-कृष्ण का येऊ नयेत, या विचाराने त्यांना झपाटले. ३ मे १९१३ रोजी त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगावच्याच कॉरोनेशन चित्रगृहात झळकला.

पट मुका असला, तरी चित्रगृह मुके नसे. पडद्यापुढे वादक बसत. कोठे पेटी-तबला, तर कोठे पियानो-व्हायोलिन. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत स्वरलिपी शिकलेल्या कित्येक कॅथलिक तरुणांची मुंबईतील चूल या वादनावर पेटत असे.

१४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये आर्देशिर इराणी यांचा 'आलम आरा' लागला. तिकिटांसाठी अशी झुंबड उडाली की, पोलिसांना पाचारण करावे लागले. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी याच पडद्यावर प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला. फाळक्यांचा मुका हरिश्चंद्र एकोणीस वर्षांनी मराठीत बोलू लागला!

ज्या दिवशी पडद्याला वाणी लाभली, त्याच दिवशी पडद्यापुढील वादकांच्या पोटावर पाय येण्यास प्रारंभ झाला. परंतु बोलपटाला गाणी हवी होती, आणि गाण्यांना वाद्यवृंद. कालांतराने गोव्याचे वादक ध्वनिमुद्रणाच्या दालनांत स्थिरावले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांच्यातील अग्रणी. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. पडद्यावरील श्रेयनामावलीत मात्र अशा बहुतेक वादकांना स्थान मिळाले नाही.

आज 'आलम आरा'ची एकही प्रत उपलब्ध नाही आणि मॅजेस्टिकही राहिलेले नाही. उरले ते नाव. केशवराव कोठावळे यांनी १९४२ साली चित्रगृहाशेजारी सुरू केलेल्या मॅजेस्टिक बुक स्टॉलने ते मराठी वाचकांच्या घराघरांत पोहोचवले.

वास्तू पडतात, फिती नष्ट होतात. तथापि आपल्यापैकी एखाद्याच्या माळ्यावर आजोबांचे व्हायोलिन किंवा स्वरलिपीची जीर्ण वही अजूनही पडून असेल. ती रद्दीत जाऊ देऊ नये, एवढीच आमची विनंती. ज्यांची नावे पडद्यावर आली नाहीत, त्यांचा इतिहास तेवढ्यातच शिल्लक आहे.