गाण्याचाही हिशेब ठेवू या



बचत गटाच्या बैठकीत आपण हप्ता, कर्ज आणि व्याजाचं बोलतो. आज गाण्याचं बोलू या.

शहरात हल्ली 'स्वतंत्र संगीत' हा शब्द फार ऐकू येतो. सिनेमासाठी नाही, मोठ्या कंपनीच्या पैशावर नाही. स्वतः रचायचं, स्वतः गायचं, स्वतःच लोकांपर्यंत न्यायचं, असं ते संगीत. आम्ही हे गटात सांगितलं तेव्हा एक आजी म्हणाल्या, "मग आम्ही जात्यावर दुसरं काय करत होतो?"

आजींचं खरं आहे. पहाटे जात्याला हात लागला की ओवी यायची. माहेरची आठवण, सासरचा जाच, भावाची वाट, विठ्ठलाची भेट, सगळं त्यात. कोणी सांगितलं म्हणून नाही की बिदागी मिळते म्हणूनही नाही. पुढे गावात पिठाची गिरणी आली. बाईचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण जातं कोपऱ्यात गेलं आणि ओवीची वेळही गेली.

आपल्या भागात पुरुषांचंही असं स्वतंत्र गाणं होतं. रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव १८६६ साली जन्मले. कुलकर्ण्यांच्या घरातला हा माणूस तमाशात गेला आणि लावणीसाठी नावाजला. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९२० साली जन्मले. त्यांनी १९४४ साली अमर शेख आणि गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक काढलं. डफ, तुणतुणं आणि खडा आवाज, एवढ्या भांडवलावर त्यांनी कामगारांची आणि संयुक्त महाराष्ट्राची गाणी गावोगाव नेली. दोन्ही गावं आपल्या वाळवा तालुक्यातली. या दोघांची नावं आज सगळ्यांना माहीत आहेत. पण जात्यावरच्या बाईचं नाव कोणाला माहीत आहे?

यंत्रं येत गेली. आपल्या देशात १९०२ साली गाण्यांच्या तबकड्या निघू लागल्या, पण कोणाचा आवाज तबकडीवर जाणार हे कंपनी ठरवायची. १९८० च्या सुमारास कॅसेट स्वस्त झाली. मग जत्रेतल्या दुकानांत देवाची गाणी, भीमगीतं, लोकगीतं वाजू लागली. छोट्या गायकाला वाट मिळाली. बाई मात्र बहुतेक करून ऐकणारीच राहिली.

त्याच काळात हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. त्यांनी नुसती ओवी लिहिली नाही, ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि गावही लिहिलं. आम्हाला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

पुढे २००६ साली सरकारने सामाजिक संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायची परवानगी दिली. २००८ साली माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी तरंग सुरू झाला. ज्या बाईने कधी माइक बघितला नव्हता, तिचा आवाज शेजारच्या गावात ऐकू येऊ लागला.

आता तर प्रत्येक घरात मोबाइल आहे. इथेच आमच्या गटाला एक धडा मिळाला. एका हळदीत आमच्या काकूंनी आईकडून आलेल्या ओव्या म्हटल्या. एका मुलाने त्या मोबाइलवर घेतल्या, मागे ठेका जोडला आणि स्वतःच्या नावाने टाकल्या. काकूंनी त्या नातवाच्या मोबाइलवर ऐकल्या. म्हणाल्या, "लोकांनी ऐकलं याचा आनंदच आहे गं. पण माझ्या आईचं गाव तरी लिहायचं!" आम्ही चौघीजणी त्या मुलाकडे गेलो. तो वाईट नव्हता. "ओवी कुणाच्या मालकीची थोडीच असते?" असं त्याला वाटत होतं. त्याने काकूंचं नाव घातलं.

ओवी सगळ्यांची, हे खरं. पण गाणारीचा आवाज तिचा आहे. कायदाही तेच म्हणतो. तिला न विचारता रेकॉर्डिंग करून ते विकता येत नाही. २०१२ साली कायद्यात सुधारणा झाली, तेव्हापासून गाणारीला आपलं नाव लावून घेण्याचा हक्क आहे आणि त्या रेकॉर्डिंगवर कोणी कमाई केली तर वाटा मागण्याचाही.

मैत्रिणींनो, आपण दहा रुपयांचासुद्धा हिशेब वहीत लिहितो. मग गाण्याचा का नाही? आमच्या गटाने एक वेगळी वही केली आहे. ओवी कोणती, कोणाकडून आली, कोणी म्हटली, कोणाला रेकॉर्ड करू दिली आणि काय ठरलं, हे त्यात लिहितो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी मुली लिहितात. पहिल्या पानावर काकूंच्या आईचं नाव आहे. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली.

तुमच्याही गटात एखादी आजी असेल. पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की तिला म्हणायला सांगा. आणि आधी तिचं नाव लिहा.